न जुळणारा आकडा
एकदा मोजले की माप पक्के झाले, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. एव्हरेस्ट शिखराच्या उंचीचेच उदाहरण पाहावे.

इ. स. १८४९-५० मध्ये मोजणीदारांनी मैदानातील सहा ठिकाणांहून हे शिखर दुर्बिणीतून न्याहाळले. ते शंभर मैलांहून अधिक दूर होते. हवेच्या थरांतून येताना प्रकाशकिरण वाकतो आणि शिखर आहे त्याहून उंच भासते. म्हणून तेवढी उंची हिशेबाने वजा करावी लागली. इतकी दक्षता घेऊनही सहा उत्तरे जुळली नाहीत. सर्वांत लहान उत्तर २८,९९० फूट, तर सर्वांत मोठे २९,०२६ फूट! तेव्हा सोयीचे एक ठेवून बाकीची दडपावी काय? राधानाथ सिकदार ज्यांचे प्रमुख होते, त्या गणकांनी तसे केले नाही. साहींची सरासरी काढण्यात आली व १८५६ मध्ये २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली.

पुढे साधने सुधारली. २०२० मध्ये नेपाळ व चीन यांनी ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट, ही उंची जाहीर केली. जुना आकडा तीस फुटांनी कमी ठरला. परंतु त्यामुळे जुन्या गणकांना उणेपणा येत नाही. त्यांनी सहाही मापे नोंदून ठेवली, म्हणूनच पुढील शास्त्रज्ञांना तो हिशेब पुन्हा तपासता आला.

मापात चूक राहणे हा दोष नव्हे. ती झाकणे हा मोठा दोष होय. प्रयोगवहीतील न जुळणारा आकडा खोडून तेथे पुस्तकातील आकडा लिहिणारा विद्यार्थी मोजत नसतो, केवळ नक्कल करीत असतो.