मेनूतून विंडोज गायब? ‘फॉरमॅट’ मारण्याआधी हे वाचा

लिनक्स अपग्रेड झालं, लॅपटॉप रीस्टार्ट केला आणि सुरुवातीच्या मेनूत ‘विंडोज’ची ओळच दिसेना. कधी मेनूही येत नाही, थेट उबुंटू सुरू होतं. त्या विंडोजमध्ये दुकानाचे हिशोब किंवा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट असेल, तर पोटात गोळा येणारच. अशा वेळी दुरुस्तीच्या दुकानात पहिला सल्ला मिळतो, ‘फॉरमॅट मारून टाकू.’ माझ्या मते हा सल्ला सगळ्यात शेवटी ऐकावा. मेनूतली ओळ गेली म्हणजे डेटा गेला, असं नाही.

नेमकं काय होतं?

हा मेनू ‘ग्रब’ नावाचा प्रोग्रॅम दाखवतो. डिस्कवर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम आहे का, हे शोधून तिची नोंद मेनूत करण्याचं काम ‘ओएस प्रोबर’चं. २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून हा शोध सुरक्षेच्या कारणासाठी मुळातच बंद ठेवण्यात आला. ही आवृत्ती उबुंटू २२.०४ सारख्या सिस्टिममधून लोकांपर्यंत पोहोचली आणि अपग्रेडनंतर अनेकांच्या मेनूतून विंडोज गायब झालं. विंडोज डिस्कवर जागच्या जागी होतं, फक्त दारावरची पाटी निघाली होती.

काय कराल?

१. लॅपटॉप सुरू होताच एफ १२, एफ ९ किंवा एस्केप दाबा. कोणती कळ, ते कंपनीनुसार बदलतं. येणाऱ्या यादीतून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडा. विंडोज उघडलं, तर निम्मी काळजी मिटली.

२. आता लिनक्समध्ये जा. ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरात ‘ग्रब’ नावाची फाइल आहे. तिची एक प्रत काढून ठेवा आणि मूळ फाइल अ‍ॅडमिनच्या अधिकाराने उघडा.

३. ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’ ही ओळ शोधा. तिच्यापुढे हॅश चिन्ह असेल तर काढा आणि बरोबरच्या चिन्हानंतर ‘फॉल्स’ लिहा. ओळच नसेल तर नवी लिहा. ती इंग्रजी लिपीत हवी. डावीकडचे शब्द मोठ्या अक्षरांत, अंडरस्कोरने जोडलेले. ‘फॉल्स’ छोट्या अक्षरांत. कुठेही मोकळी जागा नको.

४. फाइल सेव्ह करून टर्मिनलमध्ये ‘सुडो अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्या, तीही इंग्रजी लिपीतच. उबुंटू आणि मिंटमध्ये ती चालते. फेडोरात वेगळी आज्ञा लागते. उत्तरात विंडोजचं नाव दिसलं, की रीस्टार्ट करा.

उलटंही घडतं. मेनू न येता थेट विंडोज सुरू होतं. तेव्हा बायोस सेटिंगमध्ये जाऊन बूट क्रमात लिनक्सची नोंद वर आणा. मात्र बिटलॉकर चालू असेल, तर त्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा. अशा बदलानंतर विंडोज ती मागू शकतं.

चूक कोणाची?

शोध बंद करण्यामागचं कारण मला पटतं. पटत नाही ती सांगण्याची पद्धत. ओएस प्रोबर चालणार नाही, असा इशारा ग्रब देतो. पण टर्मिनलवर भराभर सरकणाऱ्या ओळींत. बटण दाबून अपग्रेड करणाऱ्याला तो दिसणार कसा? ‘या संगणकावर विंडोजही आहे, मेनूत ठेवू का?’ एवढा एक प्रश्न विचारला असता तरी पुरे होतं.

मायक्रोसॉफ्टही धुतल्या तांदळासारखं नाही. ऑगस्ट २०२४ मधल्या त्यांच्या सुरक्षा अपडेटनंतर काही ड्युअल बूट संगणकांवर लिनक्स सुरूच होईना. एका घरात दोन बिऱ्हाडं असली, तर कुलूप बदलताना शेजाऱ्याला सांगावं लागतं. इथे दोघंही सांगत नाहीत.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुना लॅपटॉप टाकून देण्यापेक्षा त्यात लिनक्सही घालून पाहू, असं म्हणणारे वाढले, तर हा प्रश्न आणखी घरांत येईल. म्हणून अपग्रेडआधी महत्त्वाच्या फाइल्स बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह तयार ठेवा. एवढं करूनही दुकानात जावं लागलंच, तर लॅपटॉप हातात देण्याआधी बजावा, ‘आधी डेटा काढा, बाकीचं नंतर बोलू.’