तरुतळींचा लव्हाळा

लव्हाळा म्हटला म्हणजे महापुरांतहि तग धरणारा तुकोबांचा नम्र लव्हाळा मराठी माणसास आठवतो. त्याच कुलांतील एक अमेरिकन बंधु पाण्याच्या कांठीं नव्हे, तर ओक वृक्षांच्या कोरड्या छायेंत सुखानें नांदतो. आमच्या वाचकांपैकीं अनेकांचीं मुलें त्या देशांत स्थायिक झालीं असल्यामुळें त्याची ओळख येथें करून देतों.

तेथें घरापुढें गवताची हिरवळ राखणें हा एक कुलाचारच होऊन बसला आहे. घरें, उद्यानें व क्रीडांगणें मिळून अशा हिरवळीचें क्षेत्र सुमारें १ लाख ६३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्में असावें, असा अंदाज २००५ मध्यें प्रसिद्ध झाला. तींतील एक प्रमुख गवत ‘केंटकी ब्लूग्रास’. तें नांवानें अमेरिकन असलें तरी मुख्यतः यूरोपांतून आलेलें. त्यास ऊन, पाणी व वारंवार कापणी हवी. वृक्षाखालीं तें विरळ होतें, आणि मग गवतासाठीं वृक्षच तोडण्याचा विचार सुचतो. पाहुण्याकरितां घरच्या वडीलधाऱ्यास बाहेर काढण्यासारखेंच हें झालें!

त्यावर उतारा म्हणजे उत्तर अमेरिकेच्या पूर्वभागांतील वनांचा हा रहिवासी, ‘पेनसिल्व्हेनिया सेज’. याचीं बारीक पानें वीतभर वाढून आपोआप वांकतात. वसंताच्या आरंभीं एकदां कापणी केली तरी पुरे. न केली तरी चालतें. बियांची उगवण बेभरवशाची, म्हणून तयार रोपें आणावीं किंवा जुने ठोंब विभागावे, आणि वसंतांत अथवा शरदांत तीं सुमारें १० ते १२ इंच अंतरानें लावावीं. भूमिगत खोडें पसरून मधली जागा भरून काढतात. तोंपर्यंत पहिलीं एक-दोन वर्षें तण काढणें व जरूर तेव्हां पाणी देणें चुकत नाहीं. मुलांच्या खेळाची तुडवणी मात्र यास सोसत नाहीं. तेथें गवतच बरें. गवताच्या उंचीसंबंधीं स्थानिक नियम असल्यास तेहि आधीं पाहावे.

येथून कोणी हौसेनें नागरमोथा मात्र तिकडे नेऊं नये. आयुर्वेदानें गौरविलेली ही मुस्ता लव्हाळ्याच्याच कुलांतील खरी; परंतु शेताबागेंत तिच्याइतकें चिवट तण क्वचितच आढळेल.

जेथें राहावें, तेथील मातीनें वाढविलेल्याचा मान राखावा. परदेशीं घर करणाऱ्या गृहस्थास याहून सुलभ भूमिधर्म आम्हांस तरी दिसत नाहीं.