धाग्यात कोंडलेले जिवंत जिवाणू

कपड्यातले जिवाणू मरावेत म्हणून घरोघरी चादरी, दुपटी उकळत्या पाण्यात घालतात. काही शास्त्रज्ञांनी मात्र याच्या नेमका उलटा उद्योग आरंभला आहे. ते धाग्याच्या पोटातच जिवाणू भरतात, आणि तेही जिवंत!

कापड रंगवण्याच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात रंग असतात, क्रोमियम-निकेलसारखे विषारी धातू असतात. काही जातींचे जिवाणू हे पाणी बऱ्यापैकी निवळतात. पण त्यांना मोकळे सोडले तर ते पाण्याबरोबर वाहून जाणार. त्यांना एका जागी डांबून कामाला लावायचे, तर जाळे हवे.

हे जाळे वीज विणते. पॉलिमरच्या द्रावणात जिवाणू मिसळून ते पिचकारीत भरतात. सुईला हजारो व्होल्टचा दाब दिला की टोकाशी आलेल्या थेंबातून बारीक धार ओढली जाते, वाटेतच सुकते आणि समोरच्या पत्र्यावर केसाहून कितीतरी बारीक धागा साचतो. युक्ती जुनीच, अंतोन फॉर्महाल्स यांनी १९३४ साली तिचे पेटंट घेतले होते.

एवढ्या दाबाखाली जिवाणू जगतात कसे? वीजप्रवाह अगदी नगण्य असतो, त्यामुळे विजेचे भय फारसे नाही. खरा घात करते ते क्षणार्धात होणारे सुकणे. शिवाय अशा कामात नेहमी वापरली जाणारी द्रावके जिवाणूंना विषच. म्हणून इस्रायलच्या टेक्निऑन संस्थेतील एयाल झुसमन आणि सहकाऱ्यांनी पाण्यात विरघळणारे पॉलिमर घेतले. २००६ साली त्यांनी दाखवले, की धाग्यातले जिवाणू उणे २० अंशांवर तीन महिने तग धरतात. विरजण जपावे तसे!

पण पाण्यात विरघळणारा धागा सांडपाण्यात काय कामाचा? ही अडचण अमेरिकेत स्टोनी ब्रुक विद्यापीठातील मिरियम राफायलोविच आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सोडवली. त्यांनी पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींत आडव्या जोडल्या. आता धागा विरघळत नाही. अन्न आत जाते, मळी बाहेर येते, जिवाणू आतच.

तुर्कस्तानात अंकाराच्या बिल्केंत विद्यापीठाने २०१८ मध्ये वेगळीच वाट धरली. तिथे धागा साखरेच्या जातकुळीतल्या सायक्लोडेक्स्ट्रिनचा केला. तो विरघळतो, जिवाणू पाण्यात सुटतात आणि रंग व धातू कमी करतात. मात्र हे सारे प्रयोगशाळेच्या काचपात्रांत झाले. कारखान्याच्या नाल्यात पाणी कधी आम्लयुक्त, कधी कढत असते, आणि तिथे इतर जिवाणूंचीही गर्दी असते.