चिंधीची वकिली

(द्वितीय वर्ष कला)

वार्षिकांकासाठी लेख मागविल्याची सूचना फलकावर लागली, तेव्हा आमच्या वर्गातल्या मैत्रिणींनी भराभर विषय वाटून घेतले. कोणी पाणीप्रश्न घेतला, कोणी बेकारी, कोणी स्त्रीशिक्षण. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटले, "मी मांजराच्या पिल्लावर लिहिणार." सगळ्या हसल्या. हसू द्या. गेल्या श्रावणापासून आमच्या दीड खोलीच्या घरात एका वीतभर पिल्लावरून जेवढे वाद झाले, तेवढे माझ्या कॉलेजप्रवेशावरूनही झाले नव्हते. त्या वादांत माझे एक मत बनले आहे. चावणारे पिल्लू बहुधा जन्मतः चावरे नसते. त्याला तसे आपण करतो आणि वर शिक्षाही त्यालाच देतो, असे ते मत. ते येथे मांडते.

आधी हकीकत सांगितली पाहिजे. इचलकरंजीत हजारो घरे यंत्रमागावर जगतात, त्यांतलेच आमचे एक. आण्णा माग चालवतात, आई कांड्या भरते. आण्णांच्या कारखान्यामागे टाकाऊ सुताचा आणि चिंध्यांचा ढीग पडलेला असतो. त्यात एका मांजरीने पिल्ले घातली. ढीग हलवायची वेळ आली तेव्हा मांजरी बिथरली, दोन पिल्ले तोंडात धरून घेऊन गेली आणि तिसऱ्यासाठी परत आलीच नाही. ते तिसरे आण्णांनी डब्याच्या पिशवीतून घरी आणले. पांढरे, काळे आणि तांबूस अशी तीन रंगांची ठिगळे अंगावर. म्हणून धाकट्या भावाने नाव ठेवले चिंधी. तेव्हा ती जेमतेम महिन्याची असेल. बारीक दात नुकते दिसू लागले होते.

पहिला महिना कौतुकात गेला. जो येईल तो तिच्यापुढे बोटे नाचवी. चादरीखाली हात हलवून तिला झेप घ्यायला लावणे हा भावाचा आवडता उद्योग. गल्लीतली पोरे तर तिला उताणी पाडून पोटावर हात फिरवत आणि ती चावली की टाळ्या पिटत. आमचा जिल्हा कोल्हापूर; त्यामुळे मांजराशीसुद्धा कुस्तीच.

पण तीन महिन्यांची झाल्यावर चिंधीची कुस्ती कोणाला मानवेना. ट्रंकेमागे दबा धरायचा आणि जाणाऱ्याच्या घोट्यावर झडप घालायची. हात पुढच्या पायांत कवटाळायचा, मागच्या पायांनी ओरबाडायचा आणि मनगटाचा चावा घ्यायचा. भाकरी थापताना आईच्या दंडावर लाल रेघा दिसू लागल्या. खरी अडचण आण्णांची होती. त्यांना रातपाळी असली की ते सकाळी आठला येतात आणि चार घास खाऊन आडवे होतात. झोपेत पायाचा अंगठा जरा हलला की चिंधी त्यावर तुटून पडे. एका सकाळी ते उठून बसले आणि म्हणाले, "झोप न्हाई झाली तर मागावर डोळा लागंल. धोटा उडून बसला तर कुणाला सांगायचं?" हा प्रश्न खोटा नव्हता. बारा तास मागापुढे उभे राहणाऱ्या माणसाची झोप ही चैनीची गोष्ट नाही.

त्यातच ती भावाला चावली. मनगटातून रक्त आले. आजीने लगेच हळद दाबली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आम्हाला चांगल्याच बोलल्या. जखमेवर हळद, चुना, तिखट काही लावायचे नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा. रेबीज मांजरापासूनही होतो आणि एकदा लक्षणे दिसली की माणूस बहुधा वाचत नाही, हे आमच्या घरात कोणाला धड ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. लस फुकट मिळाली. पण पहिल्या दिवसानंतर पुन्हा तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी जायचे होते. आईची मजुरी कामावर. चार खेपा म्हणजे किती कांड्या, हा हिशेब ती रस्त्याने चालता चालता करत होती.

त्या रात्री निकाल लागला. "येत्या रविवारी हिला बाजारात सोडून येतो," आण्णा म्हणाले. आजीचे मत थोडे निराळे होते. "सोडायचं कशाला? तोंडावर दोन फटके दिले की सुधारंल."

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. आजीचा उपाय मी त्याआधीच गुपचूप करून पाहिला होता. वाचत बसले असता चिंधी पायाला चावली आणि मी रागाच्या भरात तिच्या तोंडावर चापट मारली. ती कॉटखाली गेली ती दुपारपर्यंत बाहेर आली नाही. पुढे आठवडाभर माझा हात नुसता पुढे आला तरी ती कान मागे पाडी आणि आधी चावून घेई. पूर्वी खेळात चावत होती, आता भीतीने चावू लागली. आणि भीतीचा चावा जास्त खोल असतो.

याच सुमारास आमच्या मानसशास्त्राच्या तासाला थॉर्नडाईकचा प्रयोग शिकवला. या अमेरिकन शास्त्रज्ञाचा प्रबंध १८९८ सालचा. भुकेल्या मांजराला तो खिटीच्या पेटीत कोंडी आणि खाणे बाहेर ठेवी. मांजर ओरबाडे, चावे, धडपडे. एकदा चुकून खिटी निघे. पुढच्या खेपेला ती थोडी लवकर निघे, त्याच्या पुढच्या खेपेला आणखी लवकर. प्रयत्न-प्रमाद आणि परिणामाचा नियम आम्ही परीक्षेपुरता पाठ करतो: ज्या वर्तनानंतर समाधान मिळते ते वर्तन पक्के होते. बाई फळ्यावर लिहीत होत्या आणि मला त्या पेटीत चिंधी दिसत होती. ती चावली की आम्ही काय करतो? ओरडतो, हात झटकतो, पळतो. म्हणजे उंदीर जे करील नेमके तेच करतो. तिच्या दृष्टीने हे बक्षीसच की! तीन महिने आमचे सारे घर तिला पद्धतशीर चावायचे शिक्षण देत होते आणि आता तिला नापास करायला निघाले होते.

दुसरी गोष्ट मी शोधून वाचली. मांजराच्या पिल्लांचा खेळ म्हणजे शिकारीची तालीम असते. ही तालीम भावंडांबरोबर चालते तेव्हा एकाने फार जोराने चावा घेतला की दुसरे किंचाळते, उलट चावते किंवा खेळ सोडून चालू लागते. आईही अती झाले की पंजाखाली दाबते, नाहीतर उठून जाते. दात कितपत रुतवायचे याचे माप पिल्लाला या भांडणांत मिळते. आमच्या चिंधीची ही शाळा महिन्याभरातच सुटली. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली सुमारे ५,७०० मांजरांची माहिती तपासून प्रसिद्ध केली. तीत आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांत आक्रमकपणा अधिक आढळला. चिंधीला आणले तेव्हा तिच्याबाबत दुसरा इलाज नव्हता हे खरे. पण आपल्याकडे पिल्लू जरा डोळे उघडून चालू लागले की पोरे उचलून नेतात आणि घरचे लोकही "एक ब्याद गेली" म्हणून देऊन टाकतात. हे मला आता पटत नाही. निदान आठ आठवडे, जमल्यास त्याहून जास्त, पिल्लू आईजवळच राहिले पाहिजे.

हे सगळे मी शनिवारी रात्री घरी सांगितले. आण्णा म्हणाले, "कॉलेजात जाऊन मांजराची वकिली शिकलीस व्हय?" घरात शाळेची पायरी ओलांडून पुढे गेलेली मी पहिलीच, त्यामुळे हे वाक्य मला बरेचदा ऐकावे लागते, फक्त मांजराच्या जागी दुसरे काहीतरी असते. मी गप्प बसायला हवे होते. पण तोंडून निघून गेले, "आजी, फटक्यानं सुधारत असतं तर आण्णा पाचवीतनं पळून का गेले?" मास्तरांच्या छडीला भिऊन आण्णा शाळेच्या मागच्या भिंतीवरून उडी टाकून गेले आणि पुन्हा तिकडे फिरकले नाहीत, ही गोष्ट आजीच हसत हसत सांगत आलेली आहे. त्या दिवशी कोणी हसले नाही. आण्णा भिंतीकडे कूस करून झोपले. रविवारी ते बाजारात गेले, पण एकटेच.

मला महिन्याची मुदत मिळाली, असे मी समजले.

उपाय सोपे आहेत, माणसांना वळण लावणे कठीण. पहिला नियम: हात आणि पाय हे खेळणे नव्हे. हा नियम चिंधीपेक्षा गल्लीतल्या पोरांना शिकवायला जास्त दिवस लागले. दुसरा: चावली तर हात झटकायचा नाही, ओरडायचे नाही. हात मेल्यासारखा ढिला सोडायचा, पकड सुटली की उठायचे आणि मिनिटभर तिच्याकडे बघायचेही नाही. अशा वेळी तिला सोडून दुसऱ्या खोलीत जावे, असा सल्ला मी वाचला होता. आमच्याकडे दुसरी खोली कोठली? म्हणून आम्हीच उंबऱ्याबाहेर जाऊन उभे राहायचो. शेजारणी विचारत, "काय गं, भांडण झालं काय घरात?"

तिसरा उपाय सर्वांत गुणकारी. हातभर काठीला चिंधी बांधून तिला पळवायचे. पण नुसते दमवायचे नाही, शेवटी ती "शिकार" तिला पकडू द्यायची आणि लगेच खायला द्यायचे. झेप, पकड, खाणे, अंग चाटणे आणि झोप असा मांजराचा क्रमच आहे. पहाटे आणि तिन्हीसांजेला ती मुळातच चेकाळलेली असते. तेव्हा आण्णा यायच्या आधी साडेसातला मी दहा मिनिटे काठी फिरवी आणि मग उकडलेले अंडे किंवा सुकट पुढे ठेवी. आण्णा आडवे होईपर्यंत चिंधीही मिशा पुसून आडवी. काठी खेळ संपताच उंच कोनाड्यात. हे आमच्या गावात मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण येथे घरोघर सूत लोळते. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात. तोंडात गेलेला धागा त्याला सहसा बाहेर टाकता येत नाही आणि तो आतड्यात अडकला तर जिवावर बेतते.

दात बदलण्याचाही काळ होता. साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडून पक्के येतात, तेव्हा हिरड्या शिवशिवतात. एक दात तर मला गोधडीवर सापडला, तांदळाच्या कणीएवढा. जनावरांच्या डॉक्टरांकडून चिंधीलाही रेबीजची लस टोचून घेतली. ते म्हणाले, शहाणे मांजर एकाएकी चावू लागले, लपून बसू लागले, तर तो खेळ समजू नका, त्याला कोठेतरी दुखत असते.

यावर कोणी म्हणेल, जेथे माणसांच्या मुलांकडे बघायला वेळ नाही तेथे मांजराचे एवढे लाड कशाला? प्रश्न योग्य आहे. पण दिवसाची दहा मिनिटे आणि एक चिंधी, यापलीकडे मला काही खर्च आला नाही. बाजारात सोडणे फुकट वाटते तेवढेच. तेथे कुत्री आहेत, वाहने आहेत. आणि चार महिन्यांचे घरी वाढलेले पिल्लू "कुठंबी जगतंय" हे आपण आपल्या मनाच्या समाधानासाठी म्हणतो. उपाशी मरेल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही मी घरी सांगितले होते. त्यावर आजी म्हणाली, "मग पोलीस मांजराची फिर्याद घेत्यात काय?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

चिंधी पूर्ण सुधारली असे मी म्हणणार नाही. पाहुण्यांच्या साडीच्या निऱ्या हलल्या की तिला अजून राहवत नाही, आणि माझ्यावरचा तिचा जुना राग थोडा शिल्लक आहे. मी हात एकदम पुढे केला तर ती आजही कान पाडते. भावाच्या मनगटावर मात्र नवा ओरखडा नाही.

परवा परीक्षेमुळे मला लवकर निघावे लागले आणि काठीचा खेळ राहिला. चपला घालत होते तेवढ्यात आण्णा पाळीवरून आले, पिशवी खुंटीला अडकवली आणि कोनाड्यातली काठी काढून जमिनीवर उकिडवे बसले. "हिला दमवल्याबिगार मला झोप न्हाई," म्हणाले. आई आतून ओरडली, "आधी हातपाय धुवा, सगळं सूत लागलंय अंगाला."