सी प्लस प्लसमधून जावात जाताना

महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या कॉम्प्युटर डिप्लोमात दुसऱ्या सत्राला सी, तिसऱ्याला सी प्लस प्लस आणि चौथ्याला जावा येते. म्हणजे नंदुरबार-शहाद्याच्या मुलामुलींनी दीड वर्षात तीन भाषा शिकायच्या. जावा सुरू करताना फळ्यावर मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडे जुनी भाषा, उजवीकडे नवी, ही आपल्याकडची रुळलेली पद्धत. ती चालू ठेवावी का?

तिच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ साली जावा आणली, तेव्हा तिची लिहिण्याची धाटणी मुद्दामच सी घराण्याची ठेवली. कर्ली ब्रॅकेट, सेमीकोलन, इफ, फॉर, व्हाइल जवळपास जसेच्या तसे. घरी पावरी, मावची किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलाला इंग्रजी पुस्तकातले पानभर विवेचन जड जाते. शेजारी-शेजारी मांडलेल्या दोन ओळी तो झटकन वाचतो. हा फायदा मला फार मोलाचा वाटतो.

घात होतो तो हुबेहूब सारख्या ओळींत. समजा, 'पहिला' या विद्यार्थी-ऑब्जेक्टचे गुण ४० आहेत. पुढे लिहिले, 'दुसरा = पहिला;' आणि मग दुसऱ्याचे गुण ४५ केले. आता पहिल्याचे गुण छापा. सी प्लस प्लस ४० दाखवते, कारण तिथे ऑब्जेक्टची प्रत झाली. जावा ४५ दाखवते, कारण तिथे दोन्ही नावे एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात. ओळ तीच, एररही नाही. तक्त्यात ही ओळ 'समान' म्हणून बसते आणि मुलगा बिनधास्त पुढे जातो.

दोन स्ट्रिंग '==' ने ताडून पाहा. सी प्लस प्लसची स्ट्रिंग मजकूर तपासते. जावा दोन्ही एकच ऑब्जेक्ट आहेत का एवढेच पाहते, मजकुरासाठी 'इक्वल्स' लागते. उलट इफच्या कंसात '==' ऐवजी चुकून एकच '=' देऊन पूर्णांक लिहिला, तर सी प्लस प्लस ते चालवून घेते आणि जावा तिथल्या तिथे अडवते.

डावा रकानाही शिळा नको. 'क्लिअरस्क्रीन', 'व्हॉइड मेन', 'आयओस्ट्रीम डॉट एच' ही टर्बो सी प्लस प्लसच्या काळातली लिखावट. १९९८ साली, म्हणजे नंदुरबार जिल्हा झाला त्याच वर्षी, या भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाणक आले. त्यात 'डॉट एच' गळाले.

मग तक्ता सोडून जावा कोऱ्या पाटीवर शिकवावी, असेही म्हणता येईल. त्यात सवयी कमी आड येतील, हे खरे. पण फॉर लूप पुन्हा पहिल्यापासून घ्यायला सत्रात वेळ कुठून आणणार? शिवाय मुले मनात तुलना करणारच. ती चोरून करण्यापेक्षा फळ्यावर, सरांसमोर झालेली बरी.

म्हणून तक्ता ठेवावा, फक्त त्याला 'प्रत्यक्ष काय घडते' हा तिसरा रकाना जोडावा, आणि सारख्या दिसणाऱ्या ओळी आधी घ्याव्यात. जावा शिकवणाऱ्या सर-मॅडमना विनंती एवढीच: येत्या चौथ्या सत्रात पहिल्याच प्रॅक्टिकलला 'दुसरा = पहिला;' दोन्ही भाषांत चालवून घ्या आणि दोन्ही आउटपुट मुलांना स्वतःच्या हाताने जर्नलमध्ये लिहू द्या.