साडीला खिसा नसतो

हृदयाचे ठोके अनियमित पडत असल्याची शंका आली की डॉक्टर ‘होल्टर’ लावायला सांगतात. छातीवर चिकटपट्ट्या, त्यांतून निघणाऱ्या वायरी आणि २४ किंवा ४८ तास ईसीजी नोंदवणारी एक डबी. ‘पट्ट्याला अडकवा,’ असे सांगून तंत्रज्ञ मोकळा होतो. पँट घालणाऱ्या पुरुषाचे काम तिथे भागते. साडी नेसणाऱ्या आजींनी ती कुठे अडकवायची? मग डबी निऱ्यांजवळ खोचली जाते, नाहीतर गळ्यात लोंबते. वाकताना वायर ओढली जाते, पट्टी सुटते आणि नेमकी त्या वेळची नोंद हुकते. नॉर्मन होल्टर या अमेरिकी शास्त्रज्ञाचे १९४०च्या दशकातले मूळ यंत्र पाठीवर वाहावे लागे, वजन ३८ किलोंच्या आसपास. तिथून मुठीत मावणाऱ्या डबीपर्यंत अभियंते आले. आता वायरींविना नुसती छातीवर चिकटणारी पट्टीही निघाली आहे, पण ती सगळीकडे मिळत नाही.

अंगावर घालायच्या उपकरणांची रड बहुतेकदा इथेच असते. आधी यंत्र बनवायचे आणि शेवटी ‘जरा छान दिसू दे’ म्हणून डिझायनरला बोलवायचे, ही रीत मला चुकीची वाटते. कपडा अंगावर कसा बसतो, हा शोभेचा प्रश्न नाही. मोजमाप बरोबर येते की नाही, हे त्यावर ठरते.

स्मार्टवॉचचेच पाहा. ते त्वचेत हिरवा प्रकाश सोडते. रक्त हा प्रकाश शोषते, त्यामुळे प्रत्येक ठोक्यासरशी परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो आणि त्यावरून नाडी मोजली जाते. पट्टा सैल असेल तर बाहेरचा उजेड आत शिरतो, घड्याळ हलते आणि आकडा भरकटतो. मनगटावर बांगड्या असतील तर घड्याळ हाडावर सरकते. गोंदणाची शाईही हा प्रकाश अडवू शकते. आपल्याकडे कित्येक आज्यांच्या हातावर गोंदण आहे.

नुसत्या हौसेने दोन्ही क्षेत्रे एकत्र आणून भागत नाही, हेही दिसून आले आहे. गूगल आणि लिव्हाइस यांनी २०१७मध्ये ‘जकार्ड’ नावाचे तंत्रज्ञान वापरून जॅकेट आणले. डाव्या बाहीत वीजवाहक धागे विणलेले. बाहीवर बोट फिरवून फोनवरचे गाणे बदलता येई. किंमत ३५० डॉलर. धुण्याची मर्यादा सुमारे दहा वेळा! पुढे २०२३मध्ये त्याचे अ‍ॅपही बंद झाले. चांदीचा मुलामा दिलेला धागा घामाने, ताणाने आणि साबणाने झिजतो. आपल्याकडे तर कपड्याला ब्रश, वडीचा साबण आणि कधीकधी धुण्याचा दगडही सोसावा लागतो.

याउलट एक जुने उदाहरण आहे. १९६९मध्ये नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरले, त्यांच्या अंगावरचा पोशाख ‘प्लेटेक्स’ या नावाने स्त्रियांची अंतर्वस्त्रे बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने तयार केला होता. २१ थरांचा तो पोशाख शिवणयंत्रांवर बायकांनी शिवला. रबर आणि कापड अंगाबरोबर कसे वाकवायचे, हे त्या कंपनीला ठाऊक होते. तिथे शिवणकाम हेच अभियांत्रिकीचे निम्मे काम होते.

आपला शिंपी ब्लाउज शिवताना आत ‘माया’ ठेवतो, कारण माणसाचे अंग बदलते आणि कपडा पुढे सैल करावा लागतो. नाडी किंवा श्वास मोजणारे ‘स्मार्ट’ कपडे येऊ लागले आहेत. त्यांतली वायर शिवणीतूनच गेली असेल तर ते उसवायचे कसे? हा प्रश्न शिंप्याला पहिल्याच दिवशी सुचेल, सर्किट आखणाऱ्याला कदाचित कधीच नाही. खारघरला ‘निफ्ट’ आहे, पवईला आयआयटी आहे, इचलकरंजीला कापडाचा अख्खा उद्योग आहे. या मंडळींनी पहिला नमुना बनण्याआधीच एका टेबलाशी बसावे, आणि उपकरण विकत घेणाऱ्या रुग्णालयांनी ते साडीवर, सलवार-कमीजवर वापरून पाहिले आहे का, असे कंपनीला सरळ विचारावे. पुरुषांनाही हे लागू आहे. लुंगीलाही खिसा नसतो.

तोवर होल्टर लावायला जाताना पुढे हुक असलेला सैल ब्लाउज घालावा आणि परकराच्या नाडीत ओवता येईल असा छोटा बटवा घरूनच शिवून न्यावा. डबी त्यात नीट बसते आणि वाकले तरी वायरीला ताण पडत नाही.