कॉसमॉस हे रानफूल नव्हे



चाकण पट्ट्यातील मोकळ्या जागांवर ‘आपले रानफूल’ म्हणून कॉसमॉस पेरावे, ही आपल्या अंकातील सूचना चुकीच्या माहितीवर उभी आहे. ही वनस्पती मेक्सिको व मध्य अमेरिकेतून शोभेसाठी आलेली असून येथील सोनकी या रानफुलाशी तिचे साम्य सूर्यफूल कुळापुरते आणि पिवळ्या रंगापुरतेच आहे. ती सुंदर दिसते, एवढेच मान्य. परंतु टोकाशी उलटे काटे असलेल्या तिच्या लांबट बिया कपड्यांना व जनावरांना चिकटून दूर जातात आणि या औद्योगिक पट्ट्यात जागोजागी असलेल्या उकरलेल्या जमिनीवर दाट रुजून गवताला व देशी वर्षायूंना, म्हणजे एकाच हंगामात जगून संपणाऱ्या वनस्पतींना, जागा उरू देत नाहीत. पुण्याच्या टेकड्यांवर हे घडलेलेच आहे. पेरणी नको, बी धरण्यापूर्वी, फुलोऱ्यातच रोपे उपटावीत.

– एक वाचक, चिंचवड